साठीतला स्टीव्ह कॅबालेरो, त्याचा बोर्ड आणि आपलं नागपूर

धंतोलीकर
स्केटबोर्डिंग म्हटलं की आपल्याकडे लोक टोनी हॉकचं नाव घेतात, तेही व्हिडिओ गेममुळे. नाहीतर 'पोरासोरांचा खेळ' म्हणून विषय संपवतात. मला बोलायचंय स्टीव्ह कॅबालेरोबद्दल. जन्म १९६४, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा. १९८० च्या आसपास व्यावसायिक झाला, २०२४ मध्ये साठी गाठली आणि अजून बोर्डावर उभा आहे. त्यात जन्मापासून पाठीचा कणा वाकडा. बोर्ड बनवणारी पॉवेल-पेराल्टा ही एकच कंपनी जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत. आपल्याकडे लोक एका बँकेत एवढी वर्षं काढत नाहीत.

लेकीला वाढदिवसाला बोर्ड घेतला होता, आता ती कथक करते आणि बोर्ड मी चालवतो. वय ४४. सोसायटीत कुजबुज आहे. तयार मिळालेला तो बोर्ड पार खुळखुळा झालाय, म्हणून नवा जमवायचाय. हा माणूस नेमकं काय वापरतो, त्यातलं नागपुरात बसून काय जमेल आणि चांगल्या सामानानं खरंच फरक पडतो का? माझं मत, पडतो. जाणकारांनी लिहावं.

तर्रीवाला
हाव भाऊ, पडते ना फरक. बोर्ड स्वस्त असला का माणूस बिनधास्त पडते, महाग असला का खर्च आठवून जपून पडते.

संशयात्मा
मला हे सगळं आठवणींचं दुकान वाटतं. ऐंशीच्या दशकातल्या डिझाइनचे बोर्ड पुन्हा छापायचे, पन्नाशीतल्या लोकांना विकायचे आणि त्यांनी ते भिंतीवर टांगायचे. कॅबालेरोचा तो ड्रॅगनवाला बोर्ड कितीजण रस्त्यावर घासत असतील? पाय त्याचे चांगले होते, बोर्ड कुठलाही चालला असता.

रामदासपेठ_रोलर
संशयात्मा, अर्धं बरोबर. जुन्या डिझाइनच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि बऱ्याच भिंतीवर जातात, खरंय. (तो ड्रॅगन व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन या चित्रकाराचा. पॉवेलची कवटीवाली चित्रंही त्याचीच. टांगावासा वाटला तर दोष देता येत नाही.)

पण 'बोर्ड कुठलाही चालला असता' हे पटत नाही. ऐंशीच्या दशकातला बोर्ड म्हणजे १० इंच रुंद फळी, पुढचं टोक जेमतेम, शेपूट मोठी. खाली दोन्ही कडांना प्लास्टिकच्या पट्ट्या, शेपटीला प्लास्टिकची टोपी. चाकं मोठी. हे सगळं व्हर्टसाठी, म्हणजे उभ्या भिंतीच्या हाफपाइपसाठी (इंग्रजी U च्या आकाराचा मोठा रॅम्प). १९८७ मध्ये कॅबालेरो हाफपाइपच्या काठाच्या वर ११ फूट उडाला होता, तो अशा फळीवर. खाली येताना पायाखाली रुंद जागा लागते हो.

नंतर नव्वदच्या सुरुवातीला व्हर्ट बसलं. रॅम्प मोडले, स्पर्धा आटल्या, पोरं रस्त्यावर पायऱ्या आणि कठड्यांवर खेळायला लागली. बोर्ड अरुंद झाले, दोन्ही टोकं सारखी झाली, चाकं तर इतकी बारकी की खडा आला की माणूस पुढे आणि बोर्ड मागे. त्या लाटेत कितीतरी नावाजलेले लोक गेले. बोर्ड खपला तर खेळाडूला पैसे, अशी त्यांची कमाई. ज्याच्या नावाचा बोर्ड खपत नाही त्याची कारकीर्द संपली. कॅबालेरो टिकला कारण तो रस्त्यावर उतरला. तिशीकडे झुकलेला माणूस सोळा वर्षांच्या पोरांचा खेळ नव्यानं शिकला. सामान बदललं ते त्यासाठी.

धंतोलीकर
वा! हेच हवं होतं. आणि तो बुटांचा किस्सा?

रामदासपेठ_रोलर
तो तर सांगायलाच हवा. १९८९ मध्ये व्हॅन्सनं त्याच्या नावाचा बूट काढला, घोट्याच्या वरपर्यंत येणारा. व्हर्टला तो ठीक होता, घोटा सांभाळायचा. पण रस्त्यावरच्या करामतींना घोटा मोकळा लागतो. पोरांनी काय केलं, कात्री घेतली, बुटाचा वरचा भाग कापला आणि कडेला चिकटपट्टी मारली. कॅबालेरोनं हे पाहिलं, स्वतःचेही कापले आणि कंपनीला म्हणाला की पोरं कापतातच आहेत तर तुम्हीच कापून विका. १९९२ मध्ये 'हाफ कॅब' आला, आजही विकला जातो. एखादी कंपनी 'आमचा माल फाडला' म्हणून रुसून बसली असती.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या माय नं लहानपणी माह्या दादाचा फुलप्यांट कापून मले हाफप्यांट केला होता. तिले कोणं रॉयल्टी देल्ली नाही बाप्पा.

तर्रीवाला
ठेचा भाऊ 😂😂 काकूले व्हॅन्समध्ये पाठवा.

मीनल_त्रिमूर्तीनगर
बुटांवरून आठवलं. माझा मुलगा (वय १५) खेळतो. त्याचा डाव्या पायाचा बूट करंगळीच्या बाजूला महिन्याभरात फाटतो, उजवा नव्यासारखा. ऑलीसाठी (हात न लावता बोर्डासकट मारायची उडी) पुढचा पाय बोर्डवरून घासत वर न्यायचा असतो म्हणे, आणि बोर्डवर तो काळा खरखरीत ग्रिप टेप असतो, सँडपेपरच तो. कॅनव्हासचा बूट तर चिंधी होतो.

सीताबर्डीच्या फुटपाथवर एक चांभारकाका बसतात, त्यांनी उपाय काढला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, पानाच्या आकाराचा, कडा कानशीनं पातळ घासून रबर सोल्युशननं चिकटवला आणि वरून मेणदोऱ्याची दुहेरी शिलाई. शिलाई मात्र घासणाऱ्या जागेच्या बाहेर घेतली, कारण दोरा आधी तुटतो हे त्यांनी फाटका बूट बघूनच ओळखलं. आता ट्यूब झिजली की फक्त तुकडा बदलायचा. 'पोरगा करतो काय नेमकं?' असं त्यांनी विचारलं, मी मोबाइलवर दाखवलं, तर म्हणाले, 'ताई, बूट मी शिवतो, हाडं कोण शिवणार?'

डॉ_हाडवैद्य
हाडं आम्ही शिवतो, काकांना नंबर द्या. 🙂

थोडं गंभीर लिहितो. कॅबालेरोच्या सामानाची चर्चा चाललीये, पण साठीपर्यंत टिकवणारं सामान बोर्डावर नसतं, अंगावर असतं. व्हर्ट खेळणारे पडताना गुडघ्यांवर पडतात आणि प्लास्टिकच्या वाट्या लावलेल्या पॅडवरून घसरत खाली येतात. उतारावर घसरल्यानं आघात एका ठिकाणी बसत नाही, पसरतो. हे तंत्र आहे आणि ते आधी शिकवलं जातं, उड्या नंतर. रस्त्यावर खेळणारी पोरं पॅड घालत नाहीत, सपाट जमिनीवर हात टेकवून पडतात. माझ्याकडे येतात ती मनगटं त्यातलीच.

पॅड घातले म्हणजे अभय नाही. टोनी हॉकची मांडी मार्च २०२२ मध्ये मोडली, वयाच्या ५३ व्या वर्षी. मांडीचं हाड सहजी मोडत नाही. गडी पुन्हा बोर्डावर उभा राहिला, पण त्याच्यामागे कुठले डॉक्टर आणि किती व्यायाम होता हे विसरू नका.

धंतोलीकर, तुम्हाला ४४ व्या वर्षी पहिली खरेदी हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड. आधी बोर्ड आणि 'पॅड बघू पुढे' असं करू नका.

संशयात्मा
डॉक्टर, मग माझाच मुद्दा झाला ना? बोर्ड गौण.

डॉ_हाडवैद्य
गौण म्हणालो नाही. चाक गारगोटीला अडलं की माझं गिऱ्हाईक वाढतं.

लकडगंज_एक्सप्रेस
बोर्ड गौण म्हणणाऱ्यांसाठी माझी कथा. आमचं लाकडाचंच काम, त्यामुळे भावाच्या पोरानं बोर्ड मागितला तेव्हा म्हटलं विकत कशाला, प्लाय आपल्याकडे पडून आहे. चांगला १२ मिमी मरीन प्लाय घेतला, कापला, घासला, पॉलिश मारलं. दिसायला असा की पाहुण्यांना दाखवावा. पोरानं शेपटीवर पाय आपटला आणि कडाड्! शेपूट हातात.

मग बसून अभ्यास केला. खरा डेक, म्हणजे बोर्डाची फळी, सात थरांचा असतो, लाकूड कॅनडाकडचं हार्ड मॅपल. आपल्या प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा, असं आलटूनपालटून असतं, म्हणजे फळी दोन्ही दिशांना सारखी मजबूत. कपाटाला ते बरं. डेकच्या सात थरांत साधारण पाच उभे आणि दोनच आडवे, कारण जोर सगळा लांबीच्या दिशेनं येतो. शिवाय तो साच्यात दाबून वाकवतात, कडा किंचित वर आणि दोन्ही टोकं वर, त्यानं ताठपणा येतो. सपाट प्लाय कापून तो कुठून आणायचा? सागाचं विचाराल तर सागात तेल असतं, गोंद नीट धरत नाही, आणि वजन वेगळंच.

थोडक्यात, लकडगंजात सोफा करा, डेक विकत घ्या. कॅबालेरोची कंपनी आता फायबरग्लास घातलेले पातळ डेकही काढते, पण पहिल्या बोर्डाला साधा सात थरांचा मॅपल पुरे.

वऱ्हाडी_ठेचा
मंग त्या पॉलिश मारलेल्या बोर्डाचं काय केलं?

लकडगंज_एक्सप्रेस
वहिनी पोळ्या लाटते त्यावर.

पुणेरी_पाहुणा
चर्चा वाचतोय. नागपुरात स्केटबोर्डिंग चालतं हे वाचून आनंद (आणि किंचित आश्चर्य). २०२२ ला गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राला स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्ण मिळालं ते आमच्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडमुळे, एवढी नोंद करतो आणि जातो.

तर्रीवाला
अभिनंदन तिचं. मनापासून. तुमचं कायचं?

रामदासपेठ_रोलर
😄 बसा हो पुणेकर, पोहे खाऊन जा.

पण मुद्दा आहे. आपल्याकडे 'स्केटिंग क्लास' म्हणजे चाकांचे बूट, अजूनही. पालक मला विचारतात, बोर्डला स्पर्धा आहे का, गुण मिळतात का. टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, मग पॅरिसमध्ये होता, हे सांगितल्यावर चेहरे बदलतात. पॅरिसमध्ये चीनची झेंग हाओहाओ ११ वर्षांची होती आणि ब्रिटनकडून अँडी मॅकडोनाल्ड ५१ वर्षांचा. दोघंही पार्क प्रकारात (खोलगट बाउल आणि उतारांवरचा खेळ), त्याच प्लास द ला काँकॉर्डवर. अँडी म्हणजे टोनी हॉकबरोबर जोडीनं व्हर्ट खेळायचा तोच. अंतिम फेरीत गेला नाही, पण पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

बुटीबोरी_बेअरिंग
उशिरा येतोय, पण माझ्या हद्दीतला विषय आहे. सगळे डेकवर बोलताहेत, चाकाच्या आत काय आहे ते कोणी बोलेना.

जगातल्या जवळपास प्रत्येक स्केटबोर्डात ६०८ नंबरचं बेअरिंग. आतलं भोक ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. एका चाकात दोन, बोर्डाला आठ. मध्यंतरी पोरं बोटावर फिरवत बसायची त्या स्पिनरमध्येही हेच. विजेच्या लहान मोटारींना लागतं, त्यामुळे इतवारीत किंवा कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात '६०८ द्या' म्हटलं की मिळतं. दुकानदार विचारेल, झेडझेड की टूआरएस? झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं. नागपूरच्या धुळीत रबरवालं घ्या. टाचणीनं झाकण उचकटता येतं, धुऊन परत बसवता येतं.

मोटारीसाठीच्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलेलं असतं. हातानं चाक फिरवलं की ते लगेच थांबतं, आणि पोरं म्हणतात 'काका, जाम आहे'. जाम नाही. वर माणूस उभा राहिला की फिरतं. फार वाटलं तर ग्रीस धुऊन दोन थेंब शिलाई मशीनचं तेल. आणि कृपा करून गंज काढायचा स्प्रे मारून सोडून देऊ नका. तो असलेलं वंगण धुतो आणि स्वतः उडून जातो, चार दिवसांनी चाक किंचाळतं.

खोक्यावर 'एबेक ७', 'एबेक ९' लिहून पैसे जास्त घेतात. तो आकडा मापाच्या अचूकपणाचा आहे, फार वेगानं फिरणाऱ्या यंत्रांसाठी. उडी मारून बेअरिंगवर आदळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

धंतोलीकर
बुटीबोरी, हे सोन्यासारखं! मी एबेक ९ शोधत होतो.

संशयात्मा
बघा. म्हणजे बेअरिंग इतवारीचं चालतं. माझा अर्धा मुद्दा मान्य करा आता.

बुटीबोरी_बेअरिंग
बेअरिंगपुरता मान्य. चाकाला नाही. चाक पॉलियुरेथेनचं असतं आणि तिथे खरा फरक. सत्तरच्या दशकाच्या आधी चाकं 'क्ले' म्हणायचे त्या कडक मिश्रणाची किंवा लोखंडी असायची, खडा आला की जागेवर थांबायची. फ्रँक नॅसवर्दी नावाच्या माणसानं युरेथेनचं चाक बोर्डाला लावलं म्हणून पुढचं सगळं झालं. हॉक आणि कॅबालेरो दोघेही नंतरचे.

मीनल_त्रिमूर्तीनगर
चाकाच्या कडकपणाबद्दल कोणी सांगेल का? मुलाच्या चाकांवर '९९ ए' लिहिलंय. आमच्या सिमेंट रोडवर तो आला की तिसऱ्या मजल्यावर कळतं.

रामदासपेठ_रोलर
ताई, ९९ ए ते १०१ ए म्हणजे कडक चाक, गुळगुळीत पार्कसाठी. व्यावसायिक लोक तेच वापरतात, कारण ते खेळतात ती जमीन फरशीसारखी असते. आपल्या सिमेंट रोडवर मुद्दाम झाडूनं ओढलेल्या रेघा असतात, गाडी घसरू नये म्हणून. शिवाय ठरावीक अंतरावर आडवा सांधा. कडक, बारकं चाक त्या सांध्यात फटकन आपटतं. रस्त्यावर नुसतं फिरायचं तर ७८ ते ८७ ए आणि ५६ ते ६० मिमीचं मोठं, मऊ चाक. पार्किंगच्या कोबा केलेल्या जमिनीवर करामती करायच्या तर ९९ ए, ५२-५४ मिमी. दोन्ही हवं तर चाकांचे दोन संच ठेवा, बदलायला पाना एकच लागतो.

म्हणून कॅबालेरोच्या बोर्डाची हुबेहूब नक्कल करण्यात अर्थ नाही. त्याची चाकं त्याच्या जमिनीसाठी आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
सिमेंट रोड सोडा, आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खोदून ठेवलं ते बाउलच होय. वरतून पाणीबी भरलं. पार्क फुकट भेटलं, सांगून राहिलो.

तर्रीवाला
उद्घाटन कोणाच्या हातून?

वऱ्हाडी_ठेचा
उद्घाटन झालं ना. शेजारचे काका ॲक्टिवासकट.

डॉ_हाडवैद्य
काकांचं प्लास्टर माझ्याकडेच आहे बहुतेक.

पुणेरी_पाहुणा
गाडी रुळावर आणतो. कॅबालेरोच्या नावाची ती करामत कोणीच सांगितली नाही. 'कॅबालेरियल'. उलट्या दिशेनं, म्हणजे फेकी, रॅम्पवर चढायचं आणि बोर्डला हात न लावता हवेत पूर्ण ३६० अंश फिरून उतरायचं. त्याच्या अर्ध्या, १८० अंशांच्या फिरकीला सगळं जग 'हाफ कॅब' म्हणतं. माणूस स्पर्धा हरतो-जिंकतो, पण मोझांबिकमधलं पोरगंही रोज त्याचं नाव घेतं.

रामदासपेठ_रोलर
हे छान लिहिलंत पुणेकर. (पोहे पार्सल.) आणि लक्षात घ्या, त्या काळात ऑली नुकतीच आली होती. ॲलन गेल्फंडनं फ्लोरिडात बाउलमध्ये हात न लावता उडी काढली, ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी. सपाट जमिनीवर ती रॉडनी मुलेननं आणली ऐंशीच्या सुरुवातीला. कॅबालेरो, मुलेन, हॉक तिघंही स्टेसी पेराल्टाच्या बोन्स ब्रिगेडमधले, म्हणजे पॉवेल-पेराल्टाच्या संघातले. हॉक तिथेच १४ व्या वर्षी व्यावसायिक झाला. एका माणसानं इतकी पोरं अचूक कशी निवडली हे मला कोडंच आहे.

संशयात्मा
बरं, शेवटचं विचारतो. हॉकनं १९९९ मध्ये ९०० अंश फिरून दाखवलं तेव्हा ३१ चा होता आणि सतत पडून पडून मग जमलं. तो बोर्ड बदलून जमलं नव्हतं. इथे धंतोलीकरांना बोर्ड बदलून काय जमणार आहे?

धंतोलीकर
९०० नाही हो. मला ट्रॅफिक पार्कपासून शंकरनगर चौकापर्यंत न पडता जायचंय.

रामदासपेठ_रोलर
मग सरळ उत्तर देतो, मूळ प्रश्नाला. पैसे ट्रकवर घाला. ट्रक म्हणजे चाकांचा तो धातूचा आस. स्वस्त तयार बोर्डात ट्रकच सगळ्यात रद्दी असतो, आस वाकतो आणि आतलं बुशिंग, तो रबरासारखा गोळा, एका बाजूला दबून बसतो. मग बोर्ड आपोआप एकीकडे ओढतो आणि आपल्याला वाटतं आपला तोल गेला. तुमचा 'खुळखुळा' तोच असणार. चांगल्या कंपनीचा ट्रक डेकमागून डेक टिकतो. तुम्ही अंगानं बरे असाल तर ८.२५ किंवा ८.५ इंचाचा डेक घ्या, ट्रकचा आस त्याच रुंदीचा. मऊ चाकं. बेअरिंग इतवारीचं. डेक मात्र उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मे महिन्यात वाकतो. पावसात तर बाहेरच काढू नका, थर फुगतात आणि मग शेपटीचा तो टणक आवाज जातो.

मीनल_त्रिमूर्तीनगर
आणि बोर्ड आला की चांभारकाकांकडे बूट आधीच नेऊन ठेवा, फाटायची वाट बघू नका.

धंतोलीकर
ठरलं. ट्रक आणि डेक ऑनलाइन, बेअरिंग इतवारी, हेल्मेट-गार्ड आधी (डॉक्टर, मागवलेत). कॅबालेरोचा ड्रॅगन डेक मात्र घेणार. संशयात्मा, भिंतीवर नाही, रस्त्यावर घासणार, फोटो टाकतो.

एकच शंका उरली. जुन्या बोर्डाच्या आसाचे नट मी काढलेत, तेच नवीन ट्रकला चालतील का?

बुटीबोरी_बेअरिंग
चालवू नका. आत नायलॉनची कडी असलेले लॉकनट असतात ते, एकदा-दोनदा काढले की पकड जाते आणि चाक रस्त्यात निघून पुढे जातं. बेअरिंग घ्याल त्याच दुकानाच्या आसपास नट-बोल्टवाला असेल. जुना नट दाखवून 'याच आट्याचे नायलॉक द्या' म्हणा. चारऐवजी सहा घ्या.